माझ्या हातची सरळ रेघ

मी जळगावात मेहरूणला राहते आणि ब्लाउज शिवते. सव्वीस वर्षं हेच करते आहे. कर्करोगावर लिहिण्याइतकं मला काही कळत नाही; औषधांची नावं अजून चुकतात. पण उपचार चालू असताना मी स्वतःच्या हातानं एक उद्योग करून ठेवला, वर त्याबद्दल खोटं बोलले, आणि त्यापायी एका सरळ मुलीवर बालंट यायची वेळ आली. तसला उद्योग दुसऱ्या कुणी करू नये म्हणून लिहायला बसले आहे.

टेपखाली

भाचीच्या लग्नासाठी स्वतःचा ब्लाउज बेतायला घेतला होता. दुसऱ्याचं माप घेताना टेप अलगद फिरतो. स्वतःचं घेताना तो काखेत दाबून धरावा लागतो. तसा धरला तेव्हा डाव्या बाजूला बोटाला काहीतरी टणक लागलं, वालाच्या दाण्याएवढं. दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, असं मी परस्पर ठरवून टाकलं आणि लग्न उरकून घेतलं.

लग्नानंतर तपासण्या झाल्या. रिपोर्टच्या दिवशी आमचे हे सोबत होते. हे मूळचे यावलचे. घरची केळीची बाग दीर बघतात आणि हे जळगावात केळी पिकवायच्या गोदामात काम करतात. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गाठ कर्करोगाची आहे, पण लहान आहे आणि लवकर सापडली आहे." मी त्यातलं पहिलं अर्धं ऐकलं, यांनी दुसरं अर्धं. बाहेर आल्यावर हे म्हणत होते, "चला, लवकर सापडली," आणि मला त्यांचा इतका राग आला की मी रिक्षात तोंड फिरवून बसले. घरी आल्यावर माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य होतं, "अकरा ब्लाउज कापून पडलेत, ते कोण शिवणार?"

ते मीच शिवले. रडतही होते आणि बटणपट्ट्याही लावत होते. त्यातला एकही ब्लाउज परत आला नाही, हे मुद्दाम सांगते.

ऑपरेशनमध्ये गाठ काढली. साक्रीहून माझी मोठी बहीण आली. तिला सगळं गाव अक्का म्हणतं, मीही म्हणते. अक्काला धीर देता येत नाही, पण स्वयंपाकघर ताब्यात घेता येतं. त्या दिवसांत मला तेच हवं होतं.

मशीनची खोली

पुढे तीन आठवडे रेडिएशन होतं. सोमवार ते शुक्रवार रोज, शनिवार-रविवार सुटी. सुरू करण्याआधी एका दिवशी मला मशीनवर आडवं घालून डावा हात डोक्यावर घ्यायला लावला, फोटो काढले, छातीवर जांभळ्या शाईनं रेघा आखल्या. कुठेतरी तीनदा बारीक टोचलंही. मला वाटलं, कसलं तरी इंजेक्शन असेल. त्या दिवशी पुष्कळ काही समजावून सांगितलं गेलं. मी प्रत्येक गोष्टीला मान हलवली. ऐकलं त्यातलं काहीच नव्हतं. उघड्या छातीनं पडलेल्या बाईला जे सांगाल त्यातलं निम्मं छताला ऐकू जातं, हे डॉक्टरांनी लक्षात ठेवायला हवं.

रोजचा क्रम ठरलेला होता. बाकावर बसायचं, नाव पुकारलं की गाऊन घालायचा, आत जायचं. बाकावर यावलहून पहाटेच्या एसटीनं येणारी एक बाई असायची. ती आपला डबा उघडून आग्रहानं खायला लावायची. आतली खोली थंडगार. मशीन चालवणारी मुलगी पल्लवी, पंचविशीतली असेल. ती मला हात लावण्याआधी स्वतःचे तळवे एकमेकांवर चोळून गरम करायची. कुणी सांगितलं नव्हतं, पण रोज करायची. मग मान उजवीकडे वळवून ठेवायला सांगायची, आणि सगळे बाहेर निघून जायचे. जाड दार बंद झालं की त्या खोलीत मी एकटी. रोज वाटायचं, आता आत काहीतरी भाजेल. काहीच व्हायचं नाही. मशीन घरघरायचं, थांबायचं, आणि भिंतीवरच्या भोंग्यातून पल्लवीचा आवाज यायचा, "झालं काकू, हात खाली घ्या."

रेघ

मे महिन्याचे दिवस. जळगावचा मे मी जळगावकरांना सांगत नाही. साबण लावू नका, रेघ पुसू देऊ नका, असं बजावलेलं होतं, पण घामाला कोण बजावणार? दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी आंघोळीनंतर आरशात पाहिलं, तर छातीच्या मधली उभी रेघ जवळजवळ गेलेली. जी उरली होती ती वाकडी. एवढंच नाही, ती मधोमधही नव्हती. गळ्याच्या खळगीपासून खाली सरळ ओळंबा धरला, तर डावीकडे चांगली दोन बोटं सरकलेली.

आता यात माझं काय चुकलं ते बघा. सव्वीस वर्षं मी बायकांच्या छातीचा मध्य काढते आहे. समोरचा मध्य चुकला की सगळा ब्लाउज एका खांद्याकडे ओढला जातो. त्या रेघेकडे बघून मला पेशंट असल्याचा विसर पडला. माझ्या मनात आलं, पोरीनं घाईत मध्य चुकवला! माझ्याकडे कापडावर खुणा करायचा जांभळा पेन होता. शाईचा रंग अगदी तोच. मी लाकडी पट्टी लावली आणि बरोब्बर मधोमध नवी रेघ मारली. जुनी ओल्या फडक्यानं पुसून टाकली. कामगिरी फत्ते केल्यासारखं वाटलं मला.

दवाखान्यात पल्लवीनं गाऊन बाजूला केला आणि थांबली.

"काकू, रेघ घरी गिरवलीत का?"

"नाही गं," मी म्हणाले.

का म्हणाले? तिनं विचारलं त्याच क्षणी मला कळलं होतं की आपण करू नये ते केलंय. चाळिशी ओलांडलेली बाई, आणि शाळेतल्या मुलीसारखी खोटं बोलून मोकळी झाले. ती कामाला लागली. माझी मान उजवीकडे वळवलेली होती, त्यामुळे तिनं काय केलं ते दिसलं नाही. फडकं लागल्यासारखं वाटलं, शाईचा गार स्पर्श झाला. रोजच होतो. घरी आल्यावर मी आरशासमोर गेले नाही. त्यानंतर उपचार संपेपर्यंत गेलेच नाही.

तीन आठवडे पूर्ण झाले. कातडी काळवंडली, काखेत सोललं, मग भरून आलं. अक्का साक्रीला परत गेली. मी मशीनवर बसायला लागले, म्हणजे माझ्या, शिलाईच्या.

खोकला

श्रावणात खोकला सुरू झाला. कोरडा, दिवसभर. संध्याकाळी कणकण. दोन जिने चढले की धाप. जवळच्या डॉक्टरांनी औषधं दिली, मग बदलून दुसरी दिली. फरक नाही. टीबीची तपासणी केली, तीही ठीक आली. शेवटी छातीचा फोटो आणि मोठं स्कॅन झालं. डाव्या फुप्फुसात डाग होता. उजव्यातही होता.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "हे आधीचं दुखणं पसरलंय की दुसरं काही, ते दुर्बीण घालून तुकडा तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." तपासणी झाली. निकालाला आठ दिवस लागणार होते.

ते आठ दिवस आमच्या घरात तीन प्रकारची भीती होती. पहिली सगळ्यांची, की पसरलं असेल. दुसरी यांची. हे एकदम म्हणाले, "डावीकडचा उपचार आणि उजवीकडे डाग कसा? त्या पोरीनं मशीन नीट लावली नाही. हे बघ, लेखी दिल्याशिवाय कोणी ऐकत नाही." आणि त्यांनी खरोखरच अर्ज लिहिला. पल्लवीचं नाव घालून. हा माणूस एरवी दुकानदारानं चुकीचं सामान दिलं तरी परत करायला जात नाही. पण बायकोच्या छातीत डाग म्हटल्यावर त्याला कुणावर तरी चिडायचं होतं.

तिसरी भीती माझी एकटीची. रेघ उजवीकडे मी सरकवली होती. मशीननं माझं ऐकलं असेल, तर उजव्या फुप्फुसात जे काही होतं ते माझ्या हातचं होतं. आणि नाव लागत होतं तिचं.

अक्का पुन्हा आली होती. ती भाजी चिरत होती आणि मी समोर लसूण सोलत होते. खोकल्याची उबळ ओसरली आणि मी सांगून टाकलं. बहिणीशी बोलताना आपोआप माहेरची अहिराणी येते.

"अक्का, ती रेघ मी काढेल व्हती."

"कोनती रेघ?"

सगळं सांगितलं. विळीवरचा तिचा हात थांबला.

"आनि हाई तू कोनलेच सांगं नही?"

"नही."

"त्या पोरनं नाव कागदवर चढी जाई, मंग सांगशी का?"

"यासले काय वाटी, अक्का?"

"वाटू दे. तुना नवरा दोन दिन फुगी जाई, मंग बोली. पन त्या पोरनी नौकरी गयी ते?"

एवढं बोलून तिनं भाजी पुन्हा चिरायला घेतली. तिला धीर देता येत नाही म्हणाले ना मी, ते याच अर्थानं. पण त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा पोटभर जेवण गेलं.

अर्ज

निकालाच्या दिवशी आम्ही दोघं मॅडमसमोर बसलो. अर्ज यांच्या शर्टाच्या खिशात होता. घडी वर आलेली मला दिसत होती.

"कर्करोग नाही," मॅडम म्हणाल्या. "तुकड्यात तसल्या पेशी अजिबात नाहीत. ही फुप्फुसातली सूज आहे. औषधानं उतरेल."

मला रडू फुटलं. यांनी डोळे पुसले, आणि मग खिशाकडे हात नेला. "मॅडम, आनंद आहे. पण ही सूज उजवीकडे आली कशी? आम्हाला तक्रार..."

"ती रेघ मी सरकवली होती," मी म्हणाले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, नाहीतर पुन्हा धीर झाला नसता. पट्टी, पेन, पल्लवीचा प्रश्न, माझं खोटं, सगळं एका दमात. शेवटी खोकल्यानं बंद पाडलं म्हणून थांबले.

हे माझ्याकडे बघतच राहिले. मॅडमनी आधी मला चांगलं फैलावर घेतलं, आणि ते योग्यच होतं. मग माझी उपचाराची फाईल मागवली. रोजच्या नोंदींचं पान काढलं आणि आमच्यासमोर फिरवलं. त्या तारखेसमोर बारीक अक्षरात लिहिलं होतं: रेघ मूळ खुणेपासून सरकलेली. ठिपक्यांवरून पुन्हा आखली, फोटो घेऊन खात्री केली. खाली पल्लवीची सही.

"कुठले ठिपके?" मी विचारलं.

मॅडमनी पडद्याआड नेऊन दाखवले. छातीच्या मधल्या जागेच्या जरा डावीकडे एक, आणि दोन्ही कुशींना एकेक. सुईनं गोंदलेले, तिळाएवढे. माझ्या आईच्या हनुवटीवर गोंदण होतं, त्यातल्या एका टिंबापेक्षाही लहान. पहिल्या दिवशी तीनदा टोचलं ते हे होतं. "शाईची रेघ सोयीसाठी असते," त्या म्हणाल्या, "मशीन लावतात ते यांच्यावरून. हे घामानं जात नाहीत. आणि रेघ मध्यावर नव्हती, कारण ती मध्यावर नकोच होती. तुमचं उजवं फुप्फुस किरणांच्या वाटेत येऊ नये म्हणून तशी आखली होती."

म्हणजे किरण उजवीकडे गेलेच नव्हते. मग सूज?

मॅडमनी सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. किरण ज्या पेशींवर पडतात त्या मार खाऊन गप्प बसत नाहीत. त्या आजूबाजूला रसायनांतून निरोप पाठवतात. शरीराचं रक्षण करणाऱ्या, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी तो निरोप उचलतात आणि रक्तातून दूरवर नेतात. कधी नीट नेतात, कधी भलताच वाढवून सांगतात. मग जिथे किरणाचा स्पर्शही झाला नाही, तिथल्या पेशीसुद्धा मार बसल्यासारख्या वागतात आणि सुजतात. बहुतेकांना असं होत नाही. थोड्या जणींना होतं. "तुम्हालाच का झालं, ते मला सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "या निरोपांबद्दल अजून बरंच शोधायचं राहिलंय." डॉक्टर 'माहीत नाही' म्हणाल्याचा मला त्या दिवशी राग आला नाही, उलट विश्वास वाटला.

मग हे एकदम बोलले. तेही यावलच्या बोलीत, म्हणजे मनापासून. "हे आमच्याकडे रोजचं आहे, मॅडम. कच्च्या केळीच्या पेटीत एक पिकेल फणी राहिली, का बठ्ठी पेटी पिकाले लागते. बाकीच्याले कोनी हात बी लावेल नसतो."

मॅडम हसल्या. "जवळपास तसंच. केळ्यात ते काम एक वायू करतो, इथे निरोप्ये तुमच्याच रक्तातले आहेत. गोळ्या देतेय त्या या निरोप्यांना गप्प करण्यासाठी."

यांनी अर्ज बाहेर काढला नाही. घरी गेल्यावर दोन दिवस माझ्याशी बोललेही नाहीत. अक्काचा हिशोब दिवसाचाही चुकला नाही. तिसऱ्या दिवशी मी शिवत असताना ते चहा घेऊन आले आणि म्हणाले, "मले तरी सांगायचं होतं." मी म्हणाले, "तुम्हालाच सांगायची भीती वाटत होती." मग आम्ही तो अर्ज चुलीत घालायचा विचार केला. गॅस असल्यामुळे फाडून टाकला.

पल्लवी

निकालाच्या दिवशीच मी मशीनच्या खोलीकडे गेले होते. पल्लवी दोन पेशंटच्या मधे पाणी पीत उभी होती.

"त्या दिवशी मी खोटं बोलले होते," मी म्हणाले. "रेघ मीच मारली होती."

"माहितेय काकू."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधीच थरथरत होता. म्हटलं, आपलं काम आपण नीट करावं, नोंद करावी." मग तिला हसू आलं. "आणि कळणार नाही का? इतकी सरळ रेघ होती. आमच्यातल्या कुणाचीच तेवढी सरळ येत नाही."

तेव्हा मी हसले की रडले ते आठवत नाही. खोकला मात्र खूप आला.

आता

गोळ्यांनी आठवड्याभरात ताप गेला, महिन्याभरात धाप गेली. चेहरा भाकरीसारखा फुगला, भूक अशी की अक्का डबे लपवून ठेवायची. डोस कमी करताना एकदा खोकला परत आला, तेव्हा मॅडमनी तो पुन्हा थोडा वाढवला आणि नंतर फार सावकाश उतरवला. मनानं गोळ्या बंद करू नका, हे माझ्याकडून ऐका, कारण मनानं काही करण्यात माझा हातखंडा आहे. आता स्कॅन दोन्ही बाजूंनी स्वच्छ आहे. पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी अजूनही भीती वाटते. ती वाटतच राहील, असं दिसतं.

सध्या मी एक वेगळा ब्लाउज शिवते. जुन्या मऊ सुती कापडाचा, सैल मुंढ्याचा, समोर बांधायच्या बंदांचा, सोललेल्या काखेला न घासणारा. रेडिएशनवाल्या बायका एकमेकींना पत्ता देतात. गेल्या आठवड्यात तशीच एक आली. साक्रीकडची, वयानं माझ्याहून लहान, इथे नातेवाइकांकडे राहून उपचार घेणारी. माप देताना तिनं पदर बाजूला केला आणि हळूच म्हणाली, "ताई, मनी रेघ पुसाई गयी. उद्या दवाखानामा त्या रागे भरतीन. तुमना हात साफ शे, जराशी काढी देतस का?"

जांभळा पेन समोरच होता. मी तो उचलून ड्रॉवरमध्ये टाकला आणि तिला माझी सगळी गोष्ट सांगितली, खोटं बोलल्यासकट. उद्या गेल्यावर आधी हेच सांग म्हटलं, कोणी रागावणार नाही, आणि रागावले तरी ऐकून घे. मग ब्लाउजची वरची दोन बटणं काढून माझा मधला ठिपका तिला दाखवला. ती वाकून बघत राहिली. मग तिनं आरशात स्वतःचे शोधायला सुरुवात केली. एक सापडला, दुसरा सापडला. डाव्या कुशीतला तिला काही केल्या दिसेना, तिथे हात वर करून आरसा धरायला लागतो. मी आरसा धरला. "दिसी गया," ती म्हणाली, आणि हात वर तसाच ठेवून कितीतरी वेळ त्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली.